वर्गाबाहेर काढायचं नाही

सुरतच्या सचिन भागातल्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला पाळी बदलते. लूमच्या कारखान्यांत बारा तासांची पाळी आजही सर्रास चालते, कायदा काहीही म्हणो. आमच्या दुपारच्या शाळेत पहिल्या तासाला जो गलका उठतो, त्याचा उगम या घड्याळात आहे, असं माझं इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर ठाम मत झालं आहे.

रात्रपाळी करून बाप सकाळी घरी येतो, अंघोळ करतो, दोन घास खातो आणि आडवा होतो. घर म्हणजे एक खोली. त्याच खोलीत मोरी, गॅस, कपाट, आई, दोन-तीन पोरं. बाप झोपला की आवाज बंद. टीव्ही नाही, भांडण नाही, भांडं पडलं तरी आईचा धपाटा. पाठांतर मोठ्यानं करायची तर सोयच नाही. काही मुलं बाहेर ओट्यावर बसतात, काही गल्लीत भटकतात. सकाळभर असं तोंड दाबून बसलेलं पोर शाळेच्या फाटकातून आत येतं ते ओरडतच येतं. त्याला ओरडायला दुसरी जागाच नसते.

आणि बाप जागा असेल तेव्हा? तेव्हा घरात सगळेच मोठ्यानं बोलतात. लूमच्या शेडमध्ये शेजारच्या माणसाशी बोलायचं तर त्याच्या कानाशी ओरडावं लागतं, नाहीतर हातवारे करावे लागतात. वर्षानुवर्षं त्या खटखटाटात उभ्या राहिलेल्या माणसांना कमी ऐकू यायला लागतं, आणि ज्याला कमी ऐकू येतं तो मोठ्यानं बोलतो. पोरं तोच आवाज उचलतात. नवीन आलेल्या शिक्षकांना वाटतं, ही मुलं उद्धट आहेत, अंगावर येऊन बोलतात. तसं नाही. 'बेन, पाणी प्यायला जाऊ?' हा साधा प्रश्नही ती पंधरा फुटांवरून ओरडून विचारतात, कारण घरी बापाला विचारायचं तर तसंच विचारावं लागतं.

आमच्या वर्गातली बहुतेक मुलं खानदेशातली. शिंदखेडा, शिरपूर, अमळनेर, पारोळा, नंदुरबार. उधन्याहून जळगावकडे जाणारी तापी लाइन ही या घरांची नाळ. घरी अहिराणी, गल्लीत हिंदी, दुकानात गुजराती आणि पाठ्यपुस्तकात प्रमाण मराठी. शेजारी उडिया आणि भोजपुरी बोलणारी कुटुंबं. सुरत महापालिकेच्या शाळा गुजरातीखेरीज मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू अशा माध्यमांत चालतात, यावरूनच या शहरात कोण कोण येऊन राहिलं आहे ते कळावं. 2020 साली कनकपूर-कनसाड नगरपालिका सुरत महापालिकेत गेली आणि सचिनही शहराच्या हद्दीत आलं. त्याआधीपासून इथली माणसं सुरतेचंच कापड विणत होती.

या पाच-सहा भाषांचा एक परिणाम शिक्षकाला रोज ऐकावा लागतो, तो म्हणजे शिव्या. आमच्या मुलांना शिव्या सगळ्या भाषांतल्या येतात, अर्थ मात्र एकाही भाषेतला धड माहीत नसतो. मी त्यावर आरडाओरडा करत नाही. शिवी दिलेल्या मुलाला मधल्या सुट्टीत बाजूला घेऊन विचारते, 'हे तू कोणाच्या आईबद्दल बोललास?' बहुतेक मुलं तिथंच खाली बघतात. वर्गासमोर हाच प्रश्न विचारला असता तर तोच मुलगा हसला असता आणि वर्गही हसला असता.

वर्गासमोर काय बोलायचं आणि एकट्याशी काय बोलायचं, ही निवड या कामात सगळ्यात महत्त्वाची. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला मित्रांसमोर पडती बाजू घ्यायला लावली, तर तो ती घेणार नाही. तो उलट उत्तर देईल, तुम्ही चढा आवाज लावाल, त्याचा आवाज मुळातच तुमच्यापेक्षा मोठा आहे. तो झगडा शिक्षकानं सुरूच करू नये.

एका मुलाबद्दल सविस्तर लिहिते. नाव लिहीत नाही. तो सहावीत माझ्या वर्गात आला तेव्हा त्याची कीर्ती त्याच्या आधी पोचली होती. तो बाक वाजवायचा. कुठलंही बाक वाजवणं नव्हे, तो लूम वाजवायचा. दोन्ही तळव्यांनी ठेका धरायचा, खटाखट खटाखट, आणि मधेच हात एकदम थांबवायचा. बाण्याचा धागा तुटला की लूम आपोआप थांबतो, तसा. मग जिभेनं 'च्च' करायचा, चिमटीत नसलेला धागा धरून गाठ मारल्यासारखं करायचा आणि पुन्हा ठेका सुरू. सगळा वर्ग खदखदून हसायचा, कारण प्रत्येकानं आपल्या बापाला किंवा काकाला नेमकं हेच करताना पाहिलेलं. दोन मिनिटांत चाळीस मुलं बाक वाजवत असायची आणि शेजारच्या वर्गातून सर दारात येऊन उभे राहायचे.

अशा मुलाचं काय करावं याचे दोन सल्ले शिक्षकांच्या खोलीत कायम तयार असतात. पहिला, बाहेर उभा करा. दुसरा, त्यालाच मॉनिटर करा. दुसरा सल्ला ऐकायला शहाणपणाचा वाटतो, पण मला तो मुळीच पटत नाही. मस्तीखोर मुलाच्या हातात सत्ता दिली की तो मस्ती सोडत नाही, ती इतरांच्या पाठीवर काढतो, आणि शिक्षकानं आपलं काम एका मुलावर ढकललेलं असतं.

पहिल्या सल्ल्याबद्दल तर मी हट्टी आहे. सचिनमध्ये मुलाला वर्गाबाहेर काढायचं नाही. दुसऱ्या एखाद्या गावात बाहेर काढलेलं पोर व्हरांड्यात उभं राहतं, झाडाखाली बसतं आणि तासाभरानं परत येतं. इथं फाटकाबाहेर काम उभं आहे. साडीचा धागा कापायचं काम, टिकी चिकटवायचं, लेस लावायचं काम घराघरांत येतं आणि नगावर पैसे मिळतात. थोडा मोठा दिसणारा मुलगा असेल तर बॉबिन भरायला कोणीतरी घेतंच. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवायला बंदी आहे. 2016 च्या दुरुस्तीनं शाळेच्या वेळेबाहेर घरच्या उद्योगात मदत करायची मुभा मात्र दिली, आणि 'घरचा उद्योग' या आडोशाला काय काय चालतं ते आमच्या गल्ल्यांत येऊन बघावं. तीन दिवस बाहेर उभं केलेलं पोर चौथ्या दिवशी शाळेत येत नाही. पटावर नाव राहतं, पोर हळूहळू निसटतं. ज्यांची पहिल्यांदा गैरहजेरी लागते ती बहुधा हीच मस्तीखोर मुलं असतात, कारण त्यांच्या जाण्यानं शाळेत कोणाला वाईट वाटत नाही. उलट वर्ग शांत झाला म्हणून बरं वाटतं. या बरं वाटण्याची मला फार भीती वाटते.

म्हणून मी एक साधी वही ठेवली. त्या मुलानं बाक वाजवला की तारीख, तास, आणि त्याच्या अगोदर वर्गात काय चाललं होतं, एवढंच लिहायचं. गणिताच्या तासाला तो जवळजवळ वाजवायचाच नाही. चित्रकलेला, खेळाला कधीच नाही. मराठीच्या तासाला, आणि तेही धडा मोठ्यानं वाचायची पाळी दोन बाकांवर आली की हमखास. त्याची पाळी यायच्या आत वर्गात गोंधळ माजलेला असायचा, मग कोणाचं वाचन आणि कोणाचं काय. मुलगा वाचू शकत नव्हता, आणि ते वर्गाला कळण्यापेक्षा शिक्षा परवडली, असा त्याचा हिशोब होता.

त्याची खालच्या वर्गांतली वर्षं टाळेबंदीत गेलेली. 2020 च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या, कारखाने बंद झाले, कुटुंब गावी गेलं. घरात मोबाइल एक, तोही बापाकडे. 2021 च्या सप्टेंबरात गुजरातमध्ये सहावी ते आठवीचे वर्ग पुन्हा उघडले तेव्हा जी मुलं समोर आली, त्यांना सलग बाकावर बसायची सवयच राहिली नव्हती. त्या वर्षी सगळ्याच शाळांतून बेशिस्तीच्या तक्रारी होत्या. तक्रारीखाली काय दडलंय ते बघायला मात्र कोणाला सवड नव्हती, कारण अभ्यासक्रम मागे पडला होता.

मी त्याला मधल्या सुट्टीत थांबवायला लागले. कारण सांगितलं खडू-डस्टर आवरायचं, म्हणजे मित्रांनी चिडवू नये. बालभारतीछाप धडा पुढं ठेवला नाही. लाइटबिल, साडीच्या खोक्यावरचं लेबल, गाडीचं वेळापत्रक, जे हाताशी लागेल ते. आणि तिथं एक गोष्ट दिसली. लाइटबिलावरची गुजराती तो अडखळत का होईना वाचत होता. दुकानांच्या पाट्या वाचून वाचून त्याला गुजराती अक्षरं लागली होती. देवनागरी पुढं आली की डोळा भांबावायचा. गुजरातीला शिरोरेषा नसते. मी फळ्यावर मराठी वाक्य डोक्यावरची रेघ न देता लिहिलं. ग, म, प, ट, ड, र, व ही अक्षरं तशी लिहिली की दोन्ही लिप्यांत जवळजवळ सारखी दिसतात. त्यानं वाक्य वाचलं. मग मी त्याच्या देखत त्यावर एक लांब रेघ ओढली आणि पुन्हा वाचायला सांगितलं. ख, ज, झ, भ आणि इ ही अक्षरं मात्र दोन्हीकडे वेगवेगळी, ती त्यानं स्वतंत्र घोटली. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत तो बोट ठेवून एक परिच्छेद वाचायला लागला होता. बाक वाजवणं कमी झालं, बंद झालं असं मी म्हणणार नाही.

2023 च्या कायद्यानं गुजरातमधल्या सगळ्या माध्यमांच्या शाळांत पहिली ते आठवी गुजराती सक्तीची झाली. आमच्याकडे त्यावर बरीच चर्चा झाली. मला वाटतं, इथं राहायचं तर मुलांना गुजराती यायलाच हवी, आणि दोन लिप्या शेजारी ठेवून शिकवल्या तर दोन्ही पक्क्या होतात. पण मराठी शिकवणारा एका खोलीत आणि गुजराती शिकवणारा दुसऱ्या खोलीत असं चाललं तर मूल मधे लोंबकळत राहतं, आणि असं लोंबकळणारं मूल गोंधळ घालतं.

त्याचा लूम मी गणिताच्या तासाला आणला. कापडाचा एक ताका किती मीटरचा, दिवसाला किती मीटर निघतात, मीटरमागे दर काय, डाग किंवा फॉल्ट निघाला तर किती कापून घेतात. दर मुलांनीच सांगितले, कारखान्यागणिक वेगळे. त्रैराशिक शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही. तो मुलगा त्या दिवशी फळ्यापाशी उभा होता आणि वर्गाला सांगत होता, धागा तुटला की लूम किती वेळ थांबतो आणि त्यात किती मीटर जातात. मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, 'म्हणजे पप्पा जेवायला बसले तरी पैसे जातात.' हो, जातात. ते गणित मुलांनी घरी जाऊन बापांना दाखवलं. काही बापांनी पगाराच्या चिठ्ठीशी ताडून बघितलं, असं नंतर कानावर आलं.

गुजरातनं भारताला गिजुभाई बधेका दिले, आणि मला त्यांची आठवण वारंवार येते. त्यांच्या 'दिवास्वप्न' या पुस्तकातला शिक्षक चौथीच्या वर्गावर पहिल्याच दिवशी शांततेचा खेळ घ्यायला जातो आणि पोरं त्याचा बोजवारा उडवतात. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगायला बसतो. भावनगरच्या त्यांच्या बालमंदिराचं काम 1920 चं. ताराबाई मोडकांनी त्यांच्याबरोबर तिथं काम केलं आणि पुढं 1945 मध्ये बोर्डीला स्वतःचं काम उभं केलं. आमच्याच पश्चिम रेल्वेच्या मार्गावर घोलवडला उतरलं की बोर्डी. ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा नेली. पोर शाळेत येत नाही म्हणून त्याच्यावर शिक्का मारायचा नाही, त्याच्या दिवसाची आखणी बघून शाळा बसवायची, हे त्या दोघींनी करून दाखवलं. लूमवाल्यांच्या पोरांसाठी असं काही अजून कोणी नीट बसवलेलं नाही.

मी माझ्यापुरतं एवढं केलं आहे की दुपारी प्रार्थना झाल्यावर पहिली पंधरा मिनिटं वर्गाला मोठ्यानं बोलू देते. पाढे, कविता, गावाकडची गाणी, जे हवं ते, जेवढा मोठा आवाज लावायचा तेवढा लावा. श्रावणात खानदेशातल्या कानबाई देवीची गाणीही होतात. शेजारच्या वर्गाशी बोलून ती वेळ दोन्हीकडे एकच ठेवली. सकाळभर कोंडलेला आवाज एकदा बाहेर पडला की पुढचा तास चालवता येतो. आधी गप्प बसवून मग शिकवायचा हट्ट धरला, तर अख्खा तास गप्प बसवण्यातच जातो.

काही दिवस मात्र असे येतात की शिस्तीचा विषयच काढू नये. 6 जानेवारी 2022 ला पहाटे जीआयडीसीत टँकरमधून नाल्यात सोडलेल्या रसायनाचा वायू पसरला आणि जवळच्या गिरणीतले सहा कामगार गेले. 6 जुलै 2024 ला पाली गावात पाच मजली इमारत कोसळली, सात माणसं दगावली. भाड्यानं राहणाऱ्या कामगारांची इमारत. त्यानंतरच्या सोमवारी वर्गात कोणाचं दप्तर धपकन पडलं आणि अर्धा वर्ग दाराकडे पळाला. दोन मुलं मोठमोठ्यानं हसत होती, थांबवता थांबत नव्हती. ते हसणं ऐकून एखाद्याला राग आला असता. मी पुस्तक मिटलं आणि कोण कुठल्या मजल्यावर राहतं, जिना कुठं आहे, भिंतीला तडे आहेत का, हे विचारलं. मुलं तासभर बोलत होती. एकानं सांगितलं की तो रात्री चपला घालून झोपतो.

बापांशी बोलणं हा या कामाचा अर्धा भाग. शाळेत बोलावलं तर बाप येत नाही, कारण दिवसाची मजुरी बुडते, आणि आला तर मुलाला तिथंच दोन ठेवून देतो. म्हणून मी घरी जाते, पाळी सुटल्यावर. बाक वाजवणाऱ्या त्या मुलाचा बाप मला म्हणाला, 'त्याले मारा बेन, आमना काही वांधा नही.' हे मी अनेक घरांत ऐकलं आहे. त्यामागे मुलाबद्दल प्रेम नसतं असं नाही. मारलं की मूल सुधारतं यावर त्यांचा खरोखर विश्वास असतो. शिक्षण हक्काच्या कायद्याचं 17 वं कलम मारायलाही मनाई करतं आणि मानसिक त्रास द्यायलाही, हे मी सांगते. पण कायद्यापेक्षा दुसरी गोष्ट जास्त पटते. मी म्हणाले, 'भाऊ, तुम्ही दिवसा झोपता तेव्हा हा चार तास गप्प बसतो. कोणी मारत नाही, तरी बसतो. म्हणजे त्याला गप्प बसता येतं.' बाप जरा वेळ बोलला नाही. मग बायकोला म्हणाला, चहा टाक.

सातवीत इतिहासाच्या तासाला मराठ्यांचा भाग होता. जंजिरा आला. शिवाजी महाराजांना आणि संभाजी महाराजांना जो किल्ला घेता आला नाही, तो. मागच्या बाकांवर चुळबूळ सुरू झाली होती. मी सांगितलं की तुम्ही बसलायत ते गाव जंजिऱ्याच्या हक्काच्या बदल्यात दिलेलं आहे. वर्ग एकदम माझ्याकडे बघायला लागला. जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्यातल्या बाळू मियाँनं किल्ल्यावरचा हक्क पेशव्यांना लिहून दिला आणि त्याबदल्यात 1791 मध्ये सुरतेजवळचा हा मुलूख घेतला. तेच सचिन संस्थान, नवाब हबशी वंशाचे, 1948 मध्ये ते मुंबई राज्यात विलीन झालं. बाक वाजवणाऱ्यानं हात वर केला. त्यानं हात वर करणं हेच नवीन होतं. 'बेन, मग पेशव्यांना जंजिरा मिळाला का?' नाही मिळाला, शेवटपर्यंत नाही. 'म्हणजे फसवलं,' तो म्हणाला, आणि त्यावर अर्धा तास वाद चालला. कोणी कोणाला फसवलं, ज्याच्या ताब्यात किल्ला नाही तो हक्क कसा लिहून देतो, लिहून घेणाऱ्यानं का घेतला. आवाज एवढा चढला की शेजारचे सर पुन्हा दारात. मी त्यांना आत बोलावून बसवलं.

हा मुलगा आता आठवीत आहे. वाचन अजून संथ आहे, गणित चांगलं आहे, बाक अधूनमधून वाजतो. शिक्षण हक्काचा कायदा आठवीपर्यंत हात धरतो, वयाची चौदा वर्षंही याच सुमारास पूर्ण होतात, आणि इथल्या मुलांची शाळा नेमकी या वळणावर सुटते. काकानं लूमवर जागा बघून ठेवली आहे असं त्याच्या आईनं मला सांगितलं. नववीच्या प्रवेशाला लागणारे कागद आम्ही दोघांनी मधल्या सुट्टीत बसून गोळा केले आहेत. जन्माचा दाखला गावाहून यायचा होता, तो आला. बापाचं मन अजून वळायचं आहे. 'मना पप्पा नाइटमा शे,' मुलगा म्हणाला, म्हणजे या आठवड्यात भेटून उपयोग नाही. रविवारी पाळी बदलते. सोमवारी संध्याकाळी ते घरी असतील, तेव्हा जाणार आहे. गणिताची वहीही सोबत नेणार आहे.